खेळाडूच्या सहीचे कार्ड : किंमत कागदाची की सनदेची?

व्यापारी बंधूंनो, या पानावर आपण सूत, जरी, चामडे, लाकूड यांच्या बाजारभावाविषयी नेहमी वाचता. आज आम्ही अशा एका मालाविषयी लिहीत आहोत, जो आपल्या बाजारात मिळत नाही, ज्याच्या साध्या नगाचे वजन जेमतेम दोन ग्रॅम भरते आणि तरीही ज्याच्या एका नगाला २०२० साली लिलावात ३९ लाख ३६ हजार डॉलर आले. हा माल म्हणजे अमेरिकेतील बेसबॉल खेळाडूचे चित्र छापलेले पुठ्ठ्याचे कार्ड आणि त्यावर त्या खेळाडूने स्वतःच्या हाताने केलेली सही.

विषय निघाला तो घरातूनच. आमचा एक भाचा न्यू जर्सीत नोकरीला आहे. त्याचा फोन आला, "मामू, रोबर्टो क्लेमेंटेच्या सहीचे कार्ड पंधराशे डॉलरला मिळते आहे. सोबत सर्टिफिकेट आहे. घेऊन ठेवू का? चार वर्षांत दुप्पट होतील म्हणतात." पंधराशे डॉलर ही त्याची दोन महिन्यांची बचत. आमची उभी हयात कापडात गेली, बेसबॉलची बॅट आम्ही कधी हातात धरलेली नाही. परंतु खोट्या छापाची थाने आमच्याही गळ्यात पडलेली आहेत. आम्ही त्याला म्हणालो, "बेटा, आठ दिवस थांब." आणि या धंद्याची माहिती काढायला बसलो. जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो. आपल्यापैकी अनेकांची मुले, भाचे, पुतणे आज परदेशात आहेत. त्यांना हे उपयोगी पडेल. आणि जे इथेच धंदा करतात त्यांनाही यात घेण्यासारखे काही आहे, असे आम्हाला वाटते.

कार्ड आले कोठून?

आपल्याकडे क्रिकेटचे जे वेड, तेच अमेरिकेत बेसबॉलचे. १८८० च्या दशकात तेथील तंबाखू कंपन्यांनी सिगारेटच्या पाकिटात पुठ्ठ्याचा एक तुकडा घालण्यास सुरुवात केली. पाकीट चेपू नये हा एक हेतू, आणि त्या तुकड्यावर खेळाडूचे चित्र छापले की गिऱ्हाईक पुन्हा तेच पाकीट मागेल हा दुसरा. आमच्या आजोबांच्या काळी मँचेस्टरच्या थानांवर रंगीत चित्रांचे छाप चिकटवलेले असत. वाचता न येणारे गिऱ्हाईकही चित्र पाहून माल मागत असे. युक्ती तीच.

या जुन्या कार्डांत सर्वात नाव झाले ते होनस वॅग्नर यांच्या कार्डाचे. १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या संचात ते होते. पण वॅग्नर यांनी हरकत घेतल्याने छपाई थांबली. कोणी म्हणतात, कार्डाच्या लोभाने लहान मुले तंबाखू घेतील हे त्यांना पसंत नव्हते. कोणी म्हणतात, त्यांना मोबदला हवा होता. कारण काहीही असो, आज अशी पन्नास-साठच कार्डे शिल्लक असल्याचे मानले जाते. त्यातील एक २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरना विकले गेले.

पुढे तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील टॉप्स या गम कंपनीने १९५२ साली मोठा संच काढला. त्यातील न खपलेला माल कंपनीने १९६० च्या सुमारास समुद्रात नेऊन टाकला, असे कंपनीचे साय बर्गर सांगत असत. त्याच संचातील मिकी मँटल यांचे उत्तम अवस्थेतील एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेले! १९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास आपल्याकडे 'बिग फन' बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळत आणि घरातली धाकटी पोरे त्यासाठी जीव टाकत, हे अनेकांना आठवत असेल. आपल्या आयांनी ती केराबरोबर झाडून टाकली. अमेरिकेतील आयांनीही तेच केले. म्हणून तर जुने कार्ड दुर्मिळ झाले.

सही मिळवण्याचे मार्ग

नुसत्या कार्डापेक्षा सहीचा शौक वेगळा. छापलेली कार्डे एकसारखी हजारो निघतात. पण सही झाली की ते कार्ड एकटे होते. पॉवरलूमचा ताका आणि कारागिराने हाताने भरलेला पदर यांत जो फरक, तो येथे आहे. सही मिळवण्याचे मार्ग मुख्यतः चार आहेत.

पहिला मार्ग समोरासमोरचा. सामना सुरू होण्याआधी खेळाडू सराव करतात, तेव्हा मुले कठड्याला ओळंबून कार्ड आणि पेन पुढे करतात. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्व संघ फ्लोरिडा आणि ॲरिझोना या उबदार राज्यांत सरावासाठी उतरतात. तेथील मैदाने लहान आणि खेळाडू निवांत, म्हणून शौकीन लोक सुट्टी काढून तिकडे जातात.

दुसरा मार्ग टपालाचा. खेळाडूच्या नावाने संघाच्या मैदानाच्या पत्त्यावर पत्र लिहायचे. त्यात कार्ड ठेवायचे आणि परतीचे पाकीट, आपला पत्ता लिहून व तिकीट लावून, सोबत द्यायचे. उत्तर कधी आठ दिवसांत येते, कधी वर्षाने, कधी येतच नाही. काही निवृत्त खेळाडू सहीसाठी ठरावीक रक्कम मागतात किंवा ती एखाद्या धर्मादाय कामास देण्यास सांगतात. हा सर्वात स्वस्त मार्ग. यात हौस आहे, सब्र आहे आणि नुकसान झाले तर एका कार्डाचे.

तिसरा मार्ग कंपनीचा. १९९० साली अपर डेक कंपनीने रेगी जॅक्सन या नामवंत खेळाडूकडून २,५०० कार्डांवर सह्या करून घेतल्या, त्यांना क्रमांक दिले आणि बंद पाकिटांत मिसळून बाजारात सोडल्या. येथून नवे युग सुरू झाले. आज सही असलेली कार्डे पाकिटात घालणे हा या धंद्याचा कणा झाला आहे. टॉप्स कंपनी २०२२ च्या जानेवारीत फॅनॅटिक्स या मोठ्या कंपनीने विकत घेतली, ती याच बाजाराकडे पाहून.

या तिसऱ्या मार्गात दोन गोष्टी गिऱ्हाइकाने समजून घ्याव्यात. पुष्कळदा खेळाडू कार्डावर सही करतच नाही. कंपनी पारदर्शक चिकटपट्ट्यांचे ताव त्याच्या घरी पाठवते, तो त्यांवर सह्या करतो आणि कारखान्यात त्या कार्डावर चिकटवल्या जातात. अशा कार्डाला थेट सहीच्या कार्डापेक्षा भाव कमी. दुसरे असे की, छपाईच्या वेळी सह्या आल्या नसतील तर पाकिटात नुसती चिठ्ठी निघते की सहीचे कार्ड मागाहून मिळेल. म्हणजे ही एक हुंडीच. ती कधी महिन्यांनी वटते, कधी वर्षांनी आणि कधी तिच्या बदल्यात दुसरेच कार्ड मिळते.

चौथा मार्ग सरळ खरेदीचा, म्हणजे दुसऱ्याने मिळवलेली सही पैसे देऊन घेणे. लफडी सुरू होतात ती येथे.

भाव कशावर ठरतो?

धान्य असो, कापड असो वा कार्ड, आवक जास्त की भाव कमी. बॉब फेलर हे फार मोठे खेळाडू. ते २०१० साली वारले; पण आयुष्यभर त्यांनी इतक्या सह्या दिल्या की, 'फेलरची सही नसलेली वस्तू शोधून दाखवा' असा विनोद शौकिनांत चालतो. त्यांची खरी सही आजही सामान्य माणसाला परवडते.

उलट क्लेमेंटे पाहा. पोर्तो रिको बेटाचे हे सुपुत्र पिट्सबर्ग संघाकडून खेळत आणि त्यांच्या नावावर बरोबर ३,००० हिट जमा होत्या. डिसेंबर १९७२ मध्ये निकाराग्वा देशात भूकंप झाला. तेथील आपद्ग्रस्तांसाठी मदतीचे सामान घेऊन निघालेले त्यांचे विमान ३१ डिसेंबर १९७२ रोजी समुद्रात कोसळले. वय अवघे ३८. गरजूंच्या मदतीला निघालेला माणूस वाटेत गेला, म्हणून लोकांच्या मनात त्यांचे स्थान वेगळे आहे. चाहते लाखो आणि सह्या थोड्या. खोटे करणाऱ्यांची नजर अशाच नावांवर असते.

सहीबरोबर खेळाडूने 'अमक्यास प्रेमपूर्वक' असे नाव घातले तर घरच्या माणसाला आनंद होतो. मात्र बाजारात त्याचा भाव उतरतो. कित्येक खेळाडू मुद्दाम नाव घालतात, जेणेकरून सही घेणारा ती लगेच विकायला जाऊ नये.

शाईचाही भाव असतो. कार्ड अडीच इंच बाय साडेतीन इंच. जागा थोडी आणि पृष्ठभाग गुळगुळीत. आज बहुतेक सह्या 'शार्पी' नावाच्या जाड टोकाच्या पेनाने, निळ्या शाईत घेतात. कार्ड फार चकचकीत असेल तर शाई फुटते, म्हणून शौकीन लोक आधी पावडर चोळून चकाकी मारतात. आपण रंगाईआधी कापडाची खळ काढतो, तसेच हे. उन्हात ठेवले की शाई उडते, दमट जागी पुठ्ठा वाकतो. तेव्हा आधी प्लास्टिकची पातळ पिशवी, मग कडक आवरण आणि मग अंधारी कोरडी पेटी.

आता सही अगदी खरी, पण माल पडून, असेही होते. १९९१ साली न्यूयॉर्क यांकीज संघाने ब्रायन टेलर या तरुणाला देशात पहिल्या क्रमांकाने निवडले. १९९२ मध्ये टॉप्सने त्याच्या सहीची १२,००० कार्डे आपल्या सोनेरी संचांतून दिली. हा मुलगा उद्याचा बादशहा, असे सगळे म्हणत होते. डिसेंबर १९९३ मध्ये एका मारामारीत त्याचा खांदा दुखावला आणि तो वरच्या दर्जाचा एकही सामना न खेळता संपला. ज्यांनी ती कार्डे धन म्हणून जपली त्यांच्या हाती शाई राहिली.

त्याच काळात, म्हणजे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत, कंपन्यांनी कार्डे अफाट छापली. आई-बापांनी मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून खोकीच्या खोकी माळ्यावर ठेवली. १९९४ साली खेळाडूंचा संप झाला, हंगामाचा अंतिम सोहळा रद्द झाला आणि बाजार बसला. ती खोकी आज रद्दीच्या भावाने मागावी लागतात. 'दुप्पट होतील' हे वाक्य त्या वेळीही लोक असेच बोलत होते.

खोट्या सह्यांचा कारखाना

सही करायला लागते काय? पेन आणि हात. भांडवल नाही, कच्चा माल नाही. म्हणून येथे खोटेपणाचा धंदा फोफावला. अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने १९९० च्या दशकात 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम हाती घेतली. सॅन दिएगोचे विख्यात खेळाडू टोनी ग्वीन यांच्या नावाच्याही खोट्या सह्या बाजारात होत्या आणि त्यांनी तपासाला साहाय्य केले. ऑक्टोबर १९९९ मध्ये अनेक राज्यांत एकदम छापे पडले. एक टोळी तर पूर्ण कारखान्यासारखी चालत होती. एक सह्या करणारा, एक जुना कागद व जुने चेंडू आणणारा, एक सर्टिफिकेट छापणारा आणि देशभर माल पोहोचवणारे अडते. नवा चेंडू जुना दिसावा म्हणून त्याला लाखेचे पाणी देत. जुन्या पुस्तकांची कोरी पाने फाडून त्यांवर मृत खेळाडूंच्या सह्या करीत. जप्त मालात मदर तेरेसा यांच्या नावाने सही केलेला बेसबॉलही निघाला! खोट्याला शरम नसते, तशी अक्कलही कधी कधी नसते.

एफबीआयच्या त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे अशा खोट्या मालाची उलाढाल वर्षाला १० कोटी डॉलरच्या पुढे होती. आणि लक्षात घ्या, जवळजवळ प्रत्येक खोट्या सहीसोबत सर्टिफिकेट होते. ज्याने सही खोटी केली त्याला सर्टिफिकेट खोटे करण्यास कितीसा वेळ लागणार?

सनद म्हणजे काय?

या धंद्याचे मर्म आम्हाला येथे सापडले. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. दीनियातच्या तासाला उस्ताद सांगत की, हदीस कोणी सांगितली एवढ्यावर ती मान्य होत नाही. ज्याने सांगितली त्याने कोणाकडून ऐकली, त्याने कोणाकडून, अशी साखळी अखेरपर्यंत जुळावी लागते. त्या साखळीला सनद म्हणतात. मुहद्दिसीन एवढ्यावरही थांबत नसत. हा रावी आणि त्याचे उस्ताद एकाच काळात हयात होते काय, त्यांची भेट झाली असेल काय, हा माणूस सचोटीचा होता काय, हे सर्व ते तपासत. तारीख जुळली नाही की रिवायत पडली.

दीनच्या थोर कामाची बरोबरी आम्ही खेळाच्या कार्डाशी करीत नाही, अल्लाह माफ करो. पण तपासण्याची जी रीत आपल्या बुजुर्गांनी घालून दिली ती व्यवहारात सर्वत्र चालते. सहीच्या बाजारातही विकली जाते ती शाई नव्हे, सनद.

अमेरिकेत आज या सनदेचे दोन प्रकार आहेत आणि दोहोंत फरक आहे. पहिला प्रकार साक्षीदाराचा. २००१ सालापासून तेथील बेसबॉलच्या मुख्य संघटनेने स्वतःची व्यवस्था चालवली आहे. सही होताना त्यांचा माणूस समोर उभा असतो. असे साक्षीदार बहुतेक पोलीस खात्यातील आजी-माजी लोक असतात. त्याच वेळी वस्तूवर क्रमांकाचा चमकता शिक्का लागतो आणि तो क्रमांक नोंदवहीत चढतो. ही डोळ्यांनी पाहिलेली शहादत. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा आणि साक्षीदार करावेत, ही आज्ञा सूरह बकरामध्ये आपण वाचतोच.

दुसरा प्रकार जाणकाराच्या मताचा. पीएसए, जेएसए, बेकेट अशा कंपन्या फी घेऊन जुनी सही तपासतात. खऱ्या सहीत हाताचा वेग दिसतो, रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. नक्कल करणारा चित्र काढल्यासारखा हळू चालतो, त्याच्या रेघेला कंप येतो, दाब सगळीकडे सारखा पडतो. जरदोजीचा कारागीर आपल्या उस्तादाचा टाका हजारांत ओळखतो, तसे हे काम आहे. कागदाचीही परीक्षा होते. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात पांढरेपणासाठी चमक देणारे रसायन पडू लागले. आपण कपड्यांना रानीपाल देतो त्याच जातीचे. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर चमकतो. म्हणजे १९३० सालचा म्हणून दिलेला कागद चमकला, तर तो खोटा. तसेच शार्पी पेन बाजारात आले १९६४ साली. बेब रूथ हे विख्यात खेळाडू वारले १९४८ साली. त्यांची शार्पीने केलेली सही कोणी दाखवली तर दुकानातून सलाम करून बाहेर पडावे.

पण जाणकाराचे मत हे मतच, शहादत नव्हे. त्याची चूक होऊ शकते. वर ज्या वॅग्नर कार्डाचा उल्लेख केला, त्यातील सर्वात प्रसिद्ध नग १९९१ साली लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरना गेला. पीएसए कंपनीने दर्जा दिलेले हे पहिलेच कार्ड. त्यास दहापैकी आठ गुण मिळाले. पुढे २०१३ साली, ज्याच्या हातून ते कार्ड पूर्वी गेले होते त्या बिल मास्ट्रो नावाच्या विक्रेत्याने न्यायालयात कबुली दिली की, कार्ड नीटस दिसावे म्हणून त्याने त्याच्या कडा कापल्या होत्या. याच माणसाच्या लिलावगृहात खोट्या बोली लावून भाव चढवले जात. २०१५ साली त्याला २० महिन्यांची कैद झाली. घ्यायचे नसताना भाव चढवण्यासाठी बोली लावणे याला आपल्या शरीअतमध्ये नज्श म्हणतात आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याची मनाई केली आहे, हे आपल्या मंडीतील बंधूंना नव्याने सांगायला नको.

कॅलिफोर्निया राज्याने २०१७ पासून कायदा केला की, सही केलेली वस्तू विकणाऱ्या व्यापाऱ्याने खरेपणाचा दाखला द्यावा. प्रथम पाच डॉलरच्या वरील प्रत्येक वस्तू त्यात येत होती. लेखकाच्या सहीची पुस्तके विकणारे दुकानदारही अडचणीत आले, एकाने दावा लावला आणि त्याच वर्षी कायदा सुधारून मर्यादा ५० डॉलर केली व पुस्तके वगळली. सरकारचा कायदा व्यापाऱ्याच्या इमानाची जागा घेऊ शकत नाही, एवढाच याचा बोध.

बंद पाकीट आणि नशीब

आता एक नाजूक बाब. सहीचे कार्ड मिळावे म्हणून लोक बंद पाकिटे विकत घेतात. २०२४ च्या नाताळच्या दिवशी लॉस एंजेलिस भागातील ११ वर्षांच्या एका मुलाच्या पाकिटात पॉल स्कीन्स या नव्या खेळाडूच्या सहीचे एकमेव कार्ड निघाले. मार्च २०२५ मध्ये ते लिलावात ११ लाख डॉलरच्या वर गेले. वर्तमानपत्रांनी त्या मुलाची बातमी छापली. ज्या असंख्य लोकांच्या पाकिटांत काही निघाले नाही त्यांची बातमी कोण छापणार?

हा जुगार आहे असे म्हणून अमेरिकेत १९९० च्या दशकात खरेदीदारांनी दावे लावले. २००२ साली तेथील अपील न्यायालयाने निकाल दिला की, खरेदीदाराने पाकिटाचे पैसे दिले आणि त्यास पाकीट मिळाले. त्या कायद्याखाली मोजता येईल असे त्याचे नुकसान झालेले नाही. आता तर पूर्ण खोके फोडण्याआधीच त्यातील वाटे विकतात. तुम्ही एका संघाचे पैसे भरायचे, दुकानदार सर्वांसमोर खोके उघडतो आणि तुमच्या संघाचे जे निघेल ते तुमचे. काही न निघाले तर पैसे गेले.

आम्ही व्यापारी आहोत, आलिम नाही. फतवा देणे आमचे काम नव्हे. परंतु माल काय आहे हे न कळता पैसे देणे याला गरर म्हणतात आणि नशिबावर रक्कम लावणे याला मैसिर, एवढे आपण सर्व जाणतो. मुलाने हौसेने एक पाकीट घेतले ती गोष्ट वेगळी. कार्ड निघेल या आशेवर पगार लावणे वेगळे. ज्यांची मुले या नादात आहेत त्यांनी आपल्या जवळच्या आलिमांना जरूर विचारावे.

भाच्याच्या कार्डाचे काय झाले?

आठ दिवसांनी आम्ही भाच्याला फोन केला आणि तीनच गोष्टी विचारल्या. ही सही कोणी, कोठे आणि केव्हा घेतली? तेव्हापासून आजवर कार्ड कोणाकोणाच्या हातून आले? आणि कार्ड छापले कोणत्या साली? पहिल्या दोन प्रश्नांना विक्रेत्याचे उत्तर एकच होते, "सर्टिफिकेट आहे ना!" तिसऱ्याचे उत्तर भाच्याने स्वतः शोधले. विक्रेत्याने पाठवलेला फोटो त्याने मोठा करून पाहिला. कार्डाच्या मागे खेळाडूचे वर्षवार आकडे असतात. त्यात १९७२ च्या हंगामाचे आकडे होते, म्हणजे कार्ड टॉप्सच्या १९७३ च्या संचातले. क्लेमेंटे वारले १९७२ च्या शेवटच्या दिवशी. जे कार्ड त्यांच्या मृत्यूनंतर बाजारात आले त्यावर त्यांनी सही केली कधी?

फोनवर थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग भाचा म्हणाला, "मामू, सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का होता." आम्ही म्हणालो, "बेटा, आमच्या थानांवरही होता."

पंधराशे डॉलर वाचले, अल्हम्दुलिल्लाह. शौक मात्र त्याने सोडला नाही आणि आम्हीही सोड म्हणालो नाही. त्याच्या आठ वर्षांच्या मुलाने एका निवृत्त खेळाडूला स्वतःच्या अक्षरात पत्र लिहिले आणि सोबत एक साधे कार्ड पाठवले. चार महिन्यांनी ते सही होऊन आले. बाजारात त्याचे पाच-सहा डॉलर येतील. त्याने पत्राची नक्कल आणि आलेले पाकीट, टपालाच्या शिक्क्यासह, कार्डाबरोबर ठेवले आहे. त्या घरातील पहिले सनदवाले कार्ड ते.

थोडक्यात सूचना

ज्यांना हा शौक करावयाचा आहे त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सही शक्यतो स्वतः घ्यावी, समोर किंवा टपालाने. तारीख व जागा त्याच दिवशी वहीत लिहावी आणि पाकीट टाकू नये. विकत घेणे असल्यास साक्षीदाराची सनद पहिली, जाणकाराचे मत दुसरे आणि विक्रेत्याचे स्वतःचे सर्टिफिकेट हे रद्दी समजावे. शिक्क्यावरील क्रमांक कंपनीच्या नोंदीशी स्वतः ताडून पाहावा. कार्डाचे साल, खेळाडूचे मृत्यूचे साल आणि पेनाचा काळ जुळतो काय ते पाहावे. बाजारभावाच्या निम्म्यात मिळणारी वस्तू पाहून खूश होऊ नये, घाबरावे. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे शौकाचे पैसे वेगळे, धंद्याचे वेगळे आणि घराचे वेगळे असावेत. कार्ड भाड्याने जात नाही, व्यालेल्या बकरीसारखे वाढत नाही. गिऱ्हाईक मिळाले तरच त्याला किंमत.

जाता जाता आपल्या कारागीर बंधूंना एक शब्द. तिकडे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एका माणसाचे नाव खरेपणाने आहे की नाही, याला लाखो डॉलर मोजतात. आपल्याकडे हिमरू विणणारा, जरदोजी भरणारा, लाकडावर नक्षी करणारा महिनोन्महिने डोळे फोडतो आणि मालावर त्याचे नाव कोठेच नसते. नाव नाही म्हणून यंत्राचा माल हातकामाच्या नावाने खपतो आणि खऱ्या कारागिराचा भाव पडतो. हातमागाच्या कापडासाठी केंद्र सरकारने २००६ साली 'हॅन्डलूम मार्क' आणला. पात्र असणाऱ्यांनी तो घ्यावा. इतरांनी निदान पावतीवर लिहावे की, हा नग कोणी केला, कोठे केला, केव्हा केला आणि यात काय माल वापरला. मालात खोट असेल तर तीही लिहावी. मदीनेच्या बाजारात प्रेषित (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, तो प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ओला दाणा वर दिसू द्यावा. गिऱ्हाईक पुन्हा येते ते तेवढ्याचसाठी.

अल्लाह तआला आपल्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या शब्दाला सनदेची किंमत येवो. आमीन.